मृत्यूच्या दरीतलं तळं

गेले कित्येक महिने मनात घोळतंय, आज एकदाचं लिहून टाकतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत होतो. परतीचं विमान ५ मार्चचं. त्याआधी आई-बाबांना कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली दाखवायची, तीही आरव्हीतून, असं लेक-जावयांनी ठरवलं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पंचवीस फुटी गाडीत ओटा, फ्रिज, पलंग, संडास, सगळं. हिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दहिवडीची आपली खोली याहून लहान होती." खरंच होती.

माझी सगळी नोकरी माण तालुक्यात इतिहास-भूगोल शिकवण्यात गेली. दुष्काळी मुलूख, त्यामुळे वाळवंटाचं मला अप्रूप नव्हतं. पण ही दरी निराळी. तिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली २८२ फूट. १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तो जगातला उच्चांक अजून मोडलेला नाही. वर्षाचा पाऊस सरासरी दोन इंचांच्या आसपास. आणि तिथे चक्क तळं झालं होतं! २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाने एका दिवसात २.२ इंच पाऊस टाकला. महाबळेश्वरला जुलैत एवढा पाऊस सकाळच्या चहापर्यंत पडत असेल. पण तिथे उघडे डोंगर आणि भाजून कडक झालेली जमीन, पाणी मुरणार कुठे? सगळा लोंढा रस्ते उखडत तळाला आला. उद्यान जवळजवळ दोन महिने बंद होतं. आमच्या माणदेशातही वळवाचा पाऊस असाच येतो. जमिनीला कमी आणि ओढ्याला जास्त. तर बॅडवॉटर नावाच्या जागी त्या पाण्याचं तळं झालं, आणि फेब्रुवारीच्या पावसाने त्यात पुन्हा भर घातली. सहा मैल लांब, तीन मैल रुंद आणि फूटभर खोल! लोक त्यात होड्या वल्हवत होते. बर्फाची टोपी घातलेल्या टेलिस्कोप शिखराचं त्यात पडलेलं प्रतिबिंब मी लेकीच्या फोनवर पाहिलं, आणि मला दुसरं काही सुचेना.

२९ तारखेला लास वेगासहून निघून दुपारी फर्नेस क्रीकच्या तळावर पोचलो. तिथून बॅडवॉटर फक्त सतरा मैल. आणि वारा सुटला. असा तसा नाही, गाडी पाळण्यासारखी हलायला लागली. धुळीने समोरचा डोंगर दिसेना. जावई म्हणाले, "बाबा, उंच गाडी आहे. आडव्या वाऱ्यात मी बाहेर काढणार नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. आणि मग माझा तोल गेला. वय शहात्तर, एक बायपास झालेली, मी काही पुन्हा येणार नव्हतो. ते तळंही राहणार नव्हतं. "सतरा मैल तर आहेत! आम्ही एसटीच्या टपावर बसून घाट उतरलोय. तुमची पिढीच भित्री," असं काहीबाही बोललो. नातवासमोर बोललो, हे जास्त वाईट. जावई काही बोलले नाहीत. वाऱ्यात बाहेर जाऊन उगीच चाकांचे अटकाव तपासत राहिले. लेकीचे डोळे भरलेले पाहिले, पण माघार घेतली नाही.

दुपारी वेळ जाईना म्हणून नातवाने पुस्तक काढलं. विल्यम लुईस मॅन्ली या माणसाचं, १८९४ साली छापलेलं. तो इंग्रजीतून वाचायचा आणि मी हिला मराठीतून सांगायचो. पन्नास वर्षांची सवय, वर्ग भरला की मास्तर सुरू!

गोष्ट १८४९ ची. कॅलिफोर्नियात सोनं सापडलेलं, सगळ्यांना घाई. सॉल्ट लेकला पोचायला या मंडळींना उशीर झाला होता. उत्तरेचा घाट धरावा तर बर्फ, आणि तीनच वर्षांपूर्वी डॉनर तांड्याची त्या बर्फात काय दशा झाली ते सगळ्यांनी ऐकलेलं. म्हणून जेफरसन हंट नावाच्या वाटाड्याला धरून शंभरावर गाड्या दक्षिणेच्या जुन्या वाटेने निघाल्या. हंटचा वेग लोकांना पुरेना. कुणाकडून तरी एक नकाशा हाती आला, त्यात आडवाट दाखवलेली. सरळ पश्चिमेला गेलं की झालं! हंट म्हणाला मी येणार नाही. त्याच्याबरोबर सातच गाड्या राहिल्या, बाकी सगळ्या आडवाटेला लागल्या.

इथे हिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात मला त्या नजरेचा अर्थ विचारावा लागत नाही.

बहुतेक गाड्या पुढे दरड पाहून परतल्या. जे हट्टाने गेले ते नाताळच्या सुमारास या दरीत उतरले. मधल्या वाटेत तहानेने मरायची वेळ आली तेव्हा एका हिमवादळाने त्यांना वाचवलं, बर्फ वितळवून प्यायले. (आम्ही वादळाला शिव्या घालत बसलो होतो!) एका टोळीने गाड्या जाळून त्या विस्तवावर बैलांचं मांस सुकवलं आणि पायी निघाली. बेनेट आणि आर्केन ही दोन कुटुंबं, लहान मुलं घेऊन, डोंगर चढता येईना म्हणून एका झऱ्यापाशी थांबली. मॅन्ली आणि जॉन रॉजर्स असे दोघे मदत आणायला चालत निघाले.

जवळजवळ अडीचशे मैल. मॅन्ली एकटा जीव, बेनेट त्याचा मित्र. एकदा वस्तीवर पोचल्यावर परत कशाला येतोय, असं मागे राहिलेल्यांतल्या कित्येकांना वाटलं, आणि ते आपापल्या वाटेने निघून गेले. सव्विसाव्या दिवशी दोघे परत आले. घोडे वाटेत सोडावे लागले होते, एक खेचर तेवढं उरलं होतं. वाटेत कल्व्हरवेल नावाच्या त्यांच्या सोबत्याचं प्रेत दिसलं, तेव्हा पुढे काय पाहावं लागणार या धास्तीने त्यांची पावलं जड झाली. पण दोन्ही कुटुंबं जिवंत होती. डोंगरावर चढून कुणीतरी मागे वळून मृत्यूच्या दरीचा निरोप घेतला आणि तेच नाव पडलं, असं सांगतात.

वाचताना माझ्या लक्षात आलं, जावई मागे ओट्याला टेकून ऐकत उभे होते.

२ तारखेच्या संध्याकाळी वारा थोडा पडला. नातवाला घेऊन मी जवळच्या टाकणखाराच्या जुन्या कारखान्यापर्यंत चालत गेलो. टाकणखार म्हणजे सवागी, सोनार डाग देताना वापरतो ती. १८८३ ते १८८९ इथून ती मोहावीच्या रेल्वेपर्यंत १६५ मैल गाड्यांतून जायची, जोडीने जुंपलेल्या दोन गाड्यांना मिळून वीस जनावरं, सोबत १,२०० गॅलन पाण्याची टाकी. उन्हात ती वेचायला चिनी मजूर. वीस खेचरं म्हणतात, पण अठराच खेचरं आणि दोन घोडे, हे नातवाने मला सांगितलं. परत आल्यावर मी जावयांना म्हटलं, "काल चुकलं माझं." ते म्हणाले, "चहा घेता?"

तीनला सकाळी निघालो. बॅडवॉटरला पाहतो तो फोटोतलं पाणी जागेवर नाही! ओला चिखल आणि मीठ. दोन दिवसांच्या वाऱ्याने अख्खं तळं दोन मैल उत्तरेला ढकललं होतं, आणि इतकं पसरवलं की आता इंचांतच मोजावं. उद्यानाने होड्याही बंद केल्या. हिमयुगात इथे जवळजवळ शंभर मैल लांब आणि सहाशे फूट खोल सरोवर होतं. त्याला नाव मॅन्लीचंच दिलंय.

मी मिठावर उभा राहून शिखर पाहिलं. प्रतिबिंब नव्हतं. गाडीत बसताना जावई म्हणाले, "बाबा, ते दोघे परत आले त्याच्यापुढे काय झालं? मी तेवढंच ऐकलं."

लास वेगास येईपर्यंत सांगत होतो.