तीन मूर्तींचा चौक

दिल्लीत कुणालाही ‘तीन मूर्ती’ कुठं म्हणून विचारा, तो तुम्हाला पंडित नेहरूंच्या घराचा रस्ता दाखवील. आपल्याकडच्या सहलींच्या बसगाड्याही तिथं थांबतात. माणसं उतरतात आणि थेट फाटकातून आत जातात. समोरच्या चौकात, रहदारीच्या मधोमध, दगडी स्तंभाभोवती तीन शिपाई उभे असतात. ज्यांच्यामुळं त्या जागेला नाव मिळालं, ते हेच तिघे. मी दिल्लीला गेलो की घराआधी त्यांच्याकडं जातो.

पुतळे उभे राहिले १९२२ साली. मागचा बंगला १९३० सालचा, रॉबर्ट टॉर रसेल या वास्तुविशारदानं इंग्रज सरसेनापतीसाठी बांधलेला. तेव्हा त्याचं नाव होतं फ्लॅगस्टाफ हाउस. १९४८ साली नेहरू तिथं राहायला आले, ‘तीन मूर्ती भवन’ हे नाव रुळलं, आणि हळूहळू मूर्ती मागं पडून भवन तेवढं लक्षात राहिलं. २०२२ साली त्या आवारात प्रधानमंत्री संग्रहालय सुरू झालं.

हे शिपाई इंग्रजांच्या पगारी हिंदी सैन्यातले नव्हेत. १८८९च्या सुमारास सरकारनं एक योजना काढली. संस्थानिकांनी स्वतःच्या खर्चानं फौज ठेवायची आणि साम्राज्याला गरज पडली की ती द्यायची. पहिल्या महायुद्धात अशाच संस्थानी घोडदळांची एक ब्रिगेड पश्चिम आशियात लढली. लेनर्ड जेनिंग्ज या शिल्पकाराच्या तीन मूर्ती म्हणजे तिच्यातली तीन संस्थानं : हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. तेव्हा या तिघांतला एकजण आपल्याही मुलखाचं नातं सांगतो, असं मला नेहमी वाटतं.

हैदराबाद आणि म्हैसूरचे स्वार १९१४ सालीच सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी गेले. जोधपूरवाले आधी फ्रान्सला गेले, सत्तरीला टेकलेल्या सर प्रतापसिंहांच्या बरोबर. तिथं लढाई खंदकांतली. घोडेस्वारांनी करायचं काय? हिवाळ्यामागून हिवाळे चिखलात काढून १९१८ साली ते पॅलेस्टाइनमध्ये आले आणि ब्रिगेडला मिळाले.

मग २३ सप्टेंबर १९१८ चा दिवस उजाडला. हैफा हे बंदर तुर्कांच्या ताब्यात होतं. एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदी, मध्ये चिंचोळी वाट, आणि त्या वाटेवर रोखलेल्या तोफा नि मशीनगन. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी डोंगर चढून तोफांवर गेली. दुपारी दोनच्या सुमाराला जोधपूरवाले खालून निघाले. नदीकाठी घोडे रुतू लागले, तेव्हा त्यांनी मोहरा वळवला, डोंगराच्या पायथ्याच्या मशीनगनवर चालून गेले आणि भाले रोखून शहरात घुसले. हल्ल्याचे नायक मेजर दलपतसिंह शेखावत गोळ्या लागून त्याच दिवशी गेले. ब्रिगेडचे आठ जण पडले, चौतीस जखमी झाले. उलट बाजूचे तेराशेहून अधिक लोक कैद झाले. आणि साठ घोडे मेले. एवढ्या घोडदळाचं हे स्मारक, पण चौकात घोडा एकही नाही. तिघेही पायउतार!

‘जगातला घोडदळाचा शेवटचा हल्ला’ असं याचं वर्णन पुष्कळदा छापून येतं. ते खरं नाही. १९४२ साली इटलीच्या स्वारांनी रशियात हल्ला केला होता. मशीनगनसमोरून घोड्यावर बसून बंदराचं शहर घेणं, हे काय कमी आहे, की वर आणखी विशेषण लागावं?

स्वातंत्र्यानंतर दिल्लीतले राजे नि व्हाइसरॉय एकेक करून चौकांतून हलले. इंडिया गेटजवळच्या छत्रीतून पाचवे जॉर्ज १९६८ साली निघाले. हे तिघे मात्र राहिले. माझ्या मते कारण साधं आहे. चेहरे आपले होते, आणि ते कुणासाठी लढले हे विचारायला कुणी थांबलंच नाही. साम्राज्यासाठी लढलेले म्हणून स्वातंत्र्याच्या कथेत त्यांना जागा नव्हती. संस्थानं विलीन झाली, तेव्हा त्यांचं नाव सांगणारं दरबारही उरलं नाही. आठवण राखली ती लष्करानं. १९५३ साली जोधपूर, म्हैसूर, ग्वाल्हेर अशा संस्थानी घोडदळांतून ६१वी कॅव्हलरी उभी राहिली. २३ सप्टेंबर हा तिथं हैफा दिवस म्हणून पाळतात.

१४ जानेवारी २०१८ रोजी इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू दिल्लीत आले, त्या दिवशी चौकाचं नाव ‘तीन मूर्ती हैफा चौक’ झालं. दलपतसिंहांचं नाव त्यानिमित्तानं लोकांच्या कानावर पडलं, हे चांगलंच झालं. पण स्मारक एका लढाईचं नाही. ते सिनाई, पॅलेस्टाइन आणि सीरियातल्या सबंध मोहिमेत पडलेल्यांचं आहे; त्यात भावनगर आणि काश्मीरच्या छोट्या तुकड्याही आल्या. शिवाय हैफाचा तो हल्ला जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी केला. हैदराबादचे लान्सर्स त्या दिवशी त्यात नव्हते. आता हैफाचं नाव मिळालेल्या चौकात त्यांचा शिपाई उरलेल्या दोघांबरोबर उभा आहे.