टेबल टॅगची कथा

एचटीएमएल जन्मली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली ठरवलेल्या पहिल्या टॅगांत शीर्षक होते, परिच्छेद होता, यादी होती. तक्ता मात्र नव्हता. आकडे रांगेत मांडायचे तर पुढे आलेल्या ‘प्री’ टॅगमध्ये स्पेस मारून मारून स्तंभ जुळवावे लागत.

१९९५ साली नेटस्केप १.१ बरोबर टेबल टॅग लोकांच्या संगणकावर पोचला. जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये तो अधिकृत झाला. पण तोवर डिझायनरांनी त्याला भलत्याच कामाला जुंपले होते. बॉर्डर शून्य केली की टेबल दिसत नाही; मग मेनू, चित्रे, मजकूर सगळे त्याच्या घरांत कोंबायचे!

डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने बजावले, निव्वळ मांडणीसाठी टेबल नको, त्यासाठी सीएसएस आहे. पण ब्राउझरांना सीएसएस धड जमत नव्हते, त्यामुळे ही सवय सुटायला अनेक वर्षे गेली.

एवढा आग्रह कशाला? दृष्टिहीन वाचक पान कानांनी वाचतो. तालुकावार पावसाच्या तक्त्यात ‘टीएच’ने मथळे दिले असतील, तर स्क्रीन रीडर आकड्याबरोबर ‘सत्तरी, जुलै’ हेही सांगू शकतो. नसतील तर त्याच्या कानावर नुसते आकडे पडतात.

तेव्हा आपणही आधी माहितीचा स्वभाव पाहावा. आडवे-उभे नाते असेल तर टेबल, क्रम महत्त्वाचा असेल तर ‘ओएल’, नुसती नावे असतील तर ‘यूएल’, शब्द आणि त्याचा अर्थ असेल तर ‘डीएल’. रंगरूपाचे काम सीएसएसकडे सोपवावे.