लाइन आली का?

परवा वर्ध्याच्या घरी माळा आवरताना एक जुना बोर्ड हाती लागला. दोन रिले, दोन ट्रान्झिस्टर आणि 25 पिनांचा कनेक्टर. लगेच ओळखला! 2005 च्या उन्हाळ्यातला माझा पराक्रम.

तेव्हा कॉम्प्युटरला प्रिंटरसाठी पॅरलल पोर्ट असायचा. त्यातून माहिती बाहेर न्यायला आठ तारा. प्रोग्रॅममधून 1 पाठवला की पहिल्या तारेवर सुमारे 5 व्होल्ट यायचे, 2 पाठवला की दुसरीवर, 3 पाठवला की दोन्हींवर. तेवढ्यावर ट्रान्झिस्टर रिले चालवायचा आणि रिले 230 व्होल्टचा बल्ब लावायचा. विंडोज 98 वर टर्बो सी मधल्या दोन ओळींचं काम. एक्सपीने पोर्टला असा थेट हात लावणं बंद केलं. (म्हणून मी 98 सोडायला तयार नव्हतो.)

कल्पना अर्थात माझी नव्हे. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने 1975 साली एक्स-10 पद्धत काढली आणि 1978 मध्ये ती अमेरिकेतल्या दुकानांत आली. घरातल्या वीजतारांमधूनच संदेश पाठवायचे आणि दिवे, उपकरणं चालू-बंद करायची. पुढे त्याला घरचे कॉम्प्युटरही जोडले गेले. बसल्या जागेवरून उठायला नको, एवढीच तिथली अडचण. तारेत वीज असणार हे धरूनच चाललेलं.

आमच्याकडे प्रात्यक्षिकाला सगळे जमले आणि नेमकं भारनियमन सुरू झालं! आजी म्हणाली, "लाइनच नाही तं तुझा कॉम्प्युटर काय करन?"

सगळे हसले. काका मात्र अंधारात बोर्ड चाचपत होते. शेतावर लाइन यायची रात्री-बेरात्री. ती आली का, हे बघायला टॉर्च घेऊन विहिरीपर्यंत जावं लागे, नसली तर तसंच परत. "इथून शेतापर्यंत तार ओढली तं मोटर चालू होईन का?" त्यांनी विचारलं. मी हसून विषय टाळला.

हाच प्रश्न पुण्याच्या संतोष ओस्तवाल या इंजिनिअरने मनावर घेतला होता. पंप चालू करायला त्यांच्या आजोबांना करावी लागणारी पायपीट त्यांनी पाहिली होती. त्यांचं 'नॅनो गणेश' मोटरच्या स्टार्टरला जोडतात. मोबाइलवरून लाइन आहे का ते कळतं आणि मोटर चालू-बंद करता येते. 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं.

ती बातमी मी काकांना फोनवर सांगितली. तोवर त्यांनी शेत मक्त्यानं दिलं होतं. रात्रीचं जाणं होत नाही रे आता, म्हणाले.