असुंदींचे पट्टे

रायपुरातील कचेरीत आमच्या हातून रोज शेकडो नोंदी होतात; त्यांतील एकीसही कारकुनाचे नाव चिकटत नाही. परंतु नोंदीसच नोंद करणाराचे नाव लाभावे, असे भाग्य विज्ञानाच्या इतिहासात एका भारतीयास लाभले. ते म्हणजे प्रा. आर. के. असुंदी.

चिमूटभर मीठ ज्योतीत टाकले की ती पिवळी होते, हे आपण स्वयंपाकघरातही पाहतो. प्रत्येक अणूस प्रकाशाची अशी स्वतःची खूण असते. अणूची खूण सुट्या रेषांची, तर रेणूची दाट रेषांनी भरलेल्या पट्ट्यांची. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूच्या अशा पट्ट्यांविषयीचा असुंदींचा निबंध १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. ते पट्टे आजही जगभर ‘असुंदी पट्टे’ म्हणूनच ओळखले जातात.

पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी वर्णपटशास्त्राची परंपरा रुजविली, आणि नंतर ते मुंबईनजीक तुर्भे येथील अणुशक्तिकेंद्रात आले. अणुभट्टीच्या युरेनियमात बोरॉनचा लवलेशही चालत नाही. तो न्यूट्रॉन गिळतो. हा लवलेश हुडकण्यास वर्णपटच उपयोगी पडतो. निव्वळ जिज्ञासेपोटी जोपासलेली विद्या अशी राष्ट्रकार्यास लागली.

आम्हांस मात्र त्या नावाहून त्यामागील मोजणी थोर वाटते. काचेवर उमटलेली रेषा मोजावयाची, आकडा लिहावयाचा, पुन्हा मोजावयाचे. हे काम आमच्या परिचयाचे आहे. भेद इतकाच की कंटाळून एखादा आकडा आम्ही अंदाजाने लिहून मोकळे होतो. असुंदींनी तसे केले असते, तर ते पट्टे त्यांस दिसलेच नसते.