एका दिवसात एसटीने किती तालुके? नाशिकमध्ये मित्रांचं ‘बस चॅलेंज’ असं भरवा

सकाळी सहाला नाशिकच्या स्टँडवरून निघायचं आणि रात्री नऊच्या आत तिथेच परत यायचं. मधल्या पंधरा तासांत फक्त एसटीने फिरून जास्तीत जास्त तालुके गाठायचे. गाडी स्वतःची नाही, वेग आपल्या हातात नाही, सुटलेली बस परत बोलावता येत नाही. हातात फक्त वेळापत्रक, तिकीट आणि अंदाज. बसप्रेमींच्या ‘बस चॅलेंज’चं स्वरूप साधारण असं असतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण नियम नीट ठरले नाहीत तर संध्याकाळी वाद होतात, आणि शेवटच्या बसचा हिशोब चुकला तर रात्र परक्या स्टँडवर काढावी लागते. म्हणून असा दिवस आखण्यापूर्वी काय काय माहिती हवं, ते समजून घेऊ.

हा खेळ आला कुठून?

सार्वजनिक वाहतुकीवर खेळ रचण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेची सगळी स्थानकं कमीत कमी वेळात पालथी घालण्याच्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात १९६० पासून होते. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात पीटर सॅमसन आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी तिथल्या सबवेवर असाच प्रयत्न केला आणि मार्ग आखायला चक्क त्या काळातल्या कॉम्प्युटरची मदत घेतली.

बसच्या खेळाला सगळ्यात जवळचं उदाहरण जपानचं आहे. तिथल्या एका टीव्ही वाहिनीवर २००७ मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात कलाकार फक्त लोकल बस बदलत बदलत चार दिवसांत दूरचं ठिकाण गाठतात. एक्सप्रेस बस चालत नाही, इंटरनेट बघायचं नाही. माहिती हवी असेल तर थांब्यावरचा फलक वाचायचा किंवा माणसांना विचारायचं.

महाराष्ट्रातही बसवर जीव लावणारे कमी नाहीत. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत बेस्टची जुनी, बिगर-एसी डबलडेकर शेवटची धावली तेव्हा तिला निरोप द्यायला लोक जमले होते. एसटीचे चाहते तर नंबर प्लेटवरून गाडीची कुंडली सांगतात. एमएच १४ दिसलं की पुण्याजवळच्या दापोडीची कार्यशाळा, एमएच २० म्हणजे छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि एमएच ४० म्हणजे नागपूरची हिंगणा.

नाशिक जिल्हा या खेळाला सोयीचा का?

जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि एसटीच्या नाशिक विभागात १३ आगारं. नाशिक शहरात दोन, शिवाय मालेगाव, मनमाड, नांदगाव, सटाणा, कळवण, पेठ, इगतपुरी, सिन्नर, येवला, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत.

गंमत अशी की तालुके आणि आगारं एकमेकांशी जुळत नाहीत. नांदगाव तालुक्यात नांदगाव आणि मनमाड अशी दोन आगारं आहेत. निफाड तालुक्यातही दोन, पण ती लासलगाव आणि पिंपळगावला. खुद्द निफाड गावात आगार नाही. त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, देवळा, सुरगाणा आणि चांदवड या पाच तालुक्यांमध्ये तर एकही आगार नाही. त्यामुळे ‘तालुके मोजायचे’ आणि ‘आगारं मोजायची’ हे दोन वेगळे खेळ होतात आणि दोन्हींचे मार्गही वेगळे निघतात.

आधी नियम लिहून काढा

सगळ्यात जास्त भांडणं एका प्रश्नावरून होतात: ‘पोहोचलो’ म्हणजे नक्की काय?

मनमाडला उतरलं तर नांदगाव तालुका मोजायचा का? सटाण्याहून नाशिकला येणारी गाडी देवळ्यामार्गे सोग्रस फाट्यावर महामार्गाला लागते. सोग्रस चांदवड तालुक्यात आहे, पण चांदवडचं स्टँड मालेगावच्या दिशेला पुढे राहतं. मग चांदवड झालं की नाही? निघण्याआधी हे ठरलेलं हवं. पुढचे नियम बहुतेक गटांना पुरतात:

• तालुक्याच्या मुख्य गावच्या स्टँडवर प्रत्यक्ष उतरलं तरच तालुका मोजायचा. बसमध्ये बसून खिडकीतून पाहिलेलं गाव चालणार नाही.

• प्रवास फक्त एसटीने. दोन थांब्यांमध्ये पायी चालायला हरकत नाही. रिक्षा, काळी-पिवळी, मित्राची बाईक आणि लिफ्ट बाद.

• साधी, जलद, शिवशाही, ई-बस यांपैकी काय चालेल ते सांगून ठेवायचं. सगळ्यांना सारखी संधी हवी असेल तर फक्त साध्या आणि जलद गाड्या ठेवाव्यात.

• दोघा-दोघांची जोडी करायची. एकट्याला सोडायचं नाही. अठरा वर्षांखालील मुलं असतील तर सोबत मोठं माणूस हवंच.

• ठरलेल्या वेळेच्या आत नाशिकला परत आलं नाही तर त्या जोडीचे सगळे गुण शून्य.

शेवटचा नियम कडक वाटेल, पण गरजेचा आहे. त्याच्यामुळेच कोणी ‘अजून एक तालुका’च्या मोहात अडकत नाही.

मार्ग कसा आखायचा?

नवखे लोक नकाशात जवळचे तालुके बघतात. सिन्नर आणि त्र्यंबक नाशिकपासून साधारण तीस-तीस किलोमीटर, दिंडोरी त्याहून जवळ. पण प्रत्येक वेळी नाशिकला परत यावं लागलं तर अर्धा प्रवास त्याच रस्त्यावर होतो. म्हणून गोल फेरी चांगली.

पूर्वेची फेरी पाहा: नाशिक, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, मनमाड, येवला, निफाड आणि परत नाशिक. अंतर साधारण २५० किलोमीटर. सरासरी वेग ताशी ४० धरला तर गाडीतला वेळ सव्वासहा तास. सहा ठिकाणी गाडी बदलताना सरासरी ४० मिनिटं थांबावं लागलं तर आणखी चार तास. म्हणजे सकाळी सहाला निघालेली जोडी संध्याकाळी सव्वाचारच्या सुमारास परत येते. मग सिन्नरला जाऊन यायलाही वेळ उरतो. मात्र मनमाडचा गुण नांदगाव तालुक्यात धरायचा की नाही, यावर इथे एक तालुका कमी-जास्त होतो.

उत्तरेची फेरी दिंडोरी, वणी, कळवण, देवळा, सटाणा अशी. तालुके जवळजवळ आहेत, पण महामार्गाइतक्या गाड्या नाहीत. एक गाडी चुकली की पुढचं सगळं कोलमडतं.

पश्चिमेकडचे पेठ आणि सुरगाणा सगळ्यात अवघड. घाटरस्ते आहेत आणि गाड्या मोजक्या. म्हणून सगळ्या तालुक्यांना सारखे गुण देऊ नका. महामार्गावरच्या तालुक्याला एक, आतल्या तालुक्याला दोन, पेठ आणि सुरगाण्याला तीन अशी वाटणी केली की सगळे मालेगावच्या दिशेलाच पळत नाहीत.

वेळापत्रक कुठे मिळेल?

एसटीच्या आरक्षणाच्या ॲपवर आरक्षण असलेल्या गाड्या दिसतात. तालुक्या-तालुक्यांत धावणाऱ्या साध्या गाड्यांसाठी ते पुरत नाही. स्टँडवरचा फलक आणि चौकशीची खिडकी हाच खरा आधार. आयोजकांनी आठ-दहा दिवस आधी स्टँडवर जाऊन फलकांचे फोटो काढावेत. नाशिकमध्ये जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा, महामार्ग, नाशिकरोड अशी वेगवेगळी स्टँडं आहेत. कोणती गाडी कुठून सुटते ते त्याच वेळी विचारून घ्यावं.

पाटी वाचताना शेवटच्या गावाइतकाच ‘मार्गे’ हा शब्द महत्त्वाचा. एकाच गावाला जाणाऱ्या दोन गाड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतात. शिवाय महामार्गावरची जलद गाडी मधल्या स्टँडात शिरते की बाहेरच्या बाहेर निघून जाते, हे चढण्याआधी मास्तरांना विचारा. आत बसल्यावर विचारून उपयोग नसतो.

मुक्कामी गाडी ओळखा

या खेळातला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे मुक्कामी गाडी. ही गाडी संध्याकाळी गावाला जाते, चालक-वाहक रात्री तिथेच थांबतात आणि पहाटे गाडी परत फिरते. गावातल्या विद्यार्थ्यांना, भाजी विकायला निघालेल्यांना, दवाखान्यात जाणाऱ्यांना सकाळी शहर गाठता यावं, यासाठी ही सोय आहे.

खेळणाऱ्यांना मात्र फलकावर फक्त जाणारी वेळ दिसते. ते चढतात, गावात उतरतात आणि मग कळतं की परतीची गाडी उद्या सकाळी आहे. म्हणून दुपारी चारनंतर कोणत्याही गाडीत चढण्याआधी एकच प्रश्न विचारा: “मास्तर, ही गाडी आज परत येते का?”

प्रत्येक जोडीने परतीचा वेगळा कागद ठेवावा. त्यावर प्रत्येक स्टँडवरून नाशिककडे येणारी शेवटची आणि शेवटून दुसरी गाडी लिहावी. आपला हिशोब नेहमी शेवटून दुसऱ्या गाडीचा करावा. शेवटची गाडी अडचणीसाठी राखून ठेवायची.

मनमाड, लासलगाव, निफाड आणि इगतपुरी ही गावं रेल्वेमार्गावर आहेत. तिथून रेल्वेने नाशिकरोड गाठता येतं. गुण जातील, पण घरी पोहोचता येईल. कळवण, सुरगाणा आणि पेठकडे हा पर्याय नाही, हे तिकडे जाणाऱ्या जोडीला आधीच सांगून ठेवा.

खर्च किती?

एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा दर टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाला. या दराने २५० किलोमीटरचे ४२ टप्पे म्हणजे साधारण सव्वाचारशे रुपये. पण प्रत्येक वेळी उतरून नवं तिकीट काढलं की अपुरा टप्पाही पूर्ण धरला जातो. म्हणून माणशी पाचशे रुपये धरून चालावं. निघण्याआधी चालू दर तपासून घ्यावा.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. त्यामुळे ‘सगळ्यात कमी खर्च करणारी जोडी’ असं बक्षीस ठेवणार असाल तर सगळ्यांचा हिशोब पूर्ण तिकिटाने करा, नाहीतर निकाल आधीच लागलेला असेल.

‘आवडेल तेथे प्रवास’ हा एसटीचा पास १९८८ पासून आहे. तो चार आणि सात दिवसांचा असतो. एका दिवसाच्या खेळाला तो महाग पडतो. पण पुढे हाच खेळ राज्यभर न्यायचा असेल तर त्याच्यासारखं काही नाही.

पुरावा काय?

तिकीट हाच पुरावा. त्यावर तारीख, वेळ आणि कुठून कुठे गेलात ते छापलेलं असतं. पण मशीनच्या कागदावरची शाई पुसट होते, म्हणून तिकीट हातात आल्या आल्या त्याचा फोटो काढा. सोबत स्टँडच्या नावाच्या पाटीसमोर जोडीचा एक फोटो.

गंमत वाढवायला जोडगुण ठेवता येतात: तिन्ही कार्यशाळांच्या गाड्यांत बसणं, विभागाबाहेरच्या आगाराची गाडी शोधणं. आगाराचं नाव गाडीवर लिहिलेलं असतं.

कोणाला त्रास होऊ नये म्हणून

बस खेळासाठी सुटलेली नसते. गर्दीत जागा मिळाली तरी वयस्कर माणसाला किंवा लेकुरवाळ्या बाईला आधी द्या. चालकाला ‘जरा लवकर घ्या’ म्हणणं, मित्र येईपर्यंत गाडी थांबवायला लावणं, चालत्या गाडीत चढणं, हे केलं की जोडी बाद. मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या शाळकरी मुलींसाठी आहेत, त्या खेळात धरू नका. चालक-वाहकांचे व्हिडिओ त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

तारीखही विचार करून निवडा. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला, चैत्र आणि नवरात्रात सप्तशृंगी गडावर प्रचंड गर्दी असते. आषाढीला पंढरपूरसाठी आणि निवडणुकीत मतदानाच्या कामासाठी गाड्या वळवल्या जातात, तेव्हा रोजच्या फेऱ्या कमी होतात. २०२७ च्या सिंहस्थातले पर्वकाळ तर पूर्ण टाळावेत. १ जून हा एसटीचा वर्धापनदिन. १९४८ मध्ये याच दिवशी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तारीख छान आहे, पण सुट्टीची गर्दी लक्षात ठेवा. हिवाळ्यातला, सणवार नसलेला दिवस सगळ्यात बरा.

पहिल्यांदाच करताय?

मग जिल्ह्याबाहेरच काय, तालुक्यांच्या फेरीलाही लगेच जाऊ नका. नाशिकची शहर बससेवा ‘सिटीलिंक’ ८ जुलै २०२१ ला सुरू झाली. तिच्या गाड्या शहराबाहेर त्र्यंबकेश्वर आणि सिन्नरपर्यंतही जातात. निमाणीवरून निघून चार तासांत किती वेगवेगळ्या मार्गांच्या गाड्यांत बसता येतं, एवढाच खेळ आधी खेळून बघा. गाडी बदलायला खरंच किती वेळ जातो, याचा अंदाज येतो.

संध्याकाळी सगळे परत आले की गुण मोजण्याआधी प्रत्येक जोडीला एक गोष्ट लिहायला सांगा: सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबावं लागलं आणि तिथे अजून कोण कोण थांबलं होतं? सगळ्यांची उत्तरं एकत्र केली की जिल्ह्यात कुठे गाड्या कमी पडतात, याची यादी तयार होते. ती आगार व्यवस्थापकांकडे नेऊन द्या. तुमच्यासाठी तो ताटकळण्याचा एक तास होता, त्या थांब्यावरच्या लोकांसाठी तो रोजचा आहे.