डालड्याच्या डब्यापासून पाच रुपयांच्या पुड्यापर्यंत

परवा गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही एक हिशेब मांडला. लेकराला रोज ५ रुपयांचा क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, म्हणजे महिन्याला १५० रुपये. तेही एकाच लेकराचे. मग एकीने विचारले, "एवढ्या स्वस्तात इतका खुसखुशीत खाऊ देतात तरी कसा?"

याचे उत्तर जुने आहे. तूप पूर्वीही गरिबाला परवडत नव्हतेच. १९०२ साली जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे असे वनस्पती तूप आधी हॉलंडहून यायचे. १९३७ साली डालडा आला, पिवळ्या डब्यावर ताडाचे झाड असलेला. आपल्याच शेंगदाण्याचे तेल कारखान्यात गोठवून आपल्याला मिळू लागले. व्यापारी ते तुपात मिसळू लागले, म्हणून सरकारने वनस्पतीत तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. मग तपासणीत भेसळ उघडी पडायची.

पण खरा धोका नंतर कळला. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते. १९९० साली हॉलंडच्याच संशोधकांनी दाखवून दिले, की ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. यातून हृदयविकार बळावतो. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून खाऊतल्या १०० ग्रॅम तेल-तुपात २ ग्रॅमपेक्षा जास्त ट्रान्स फॅट चालत नाही.

म्हणजे काळजी मिटली का? नाही. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. हे तेल स्वस्त, मुळातच घट्टसर, आणि त्यातला खाऊ टिकतो. मात्र त्यातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. रोज खाल्ली तर तीही हृदयाला चांगली नाही.

आता किंमत बघा. ५ रुपये तेच राहतात, वजन मात्र गुपचूप घटते. पुड्यावर ४० ग्रॅम लिहिले असेल, तर किलोला १२५ रुपये पडले! त्यात मैदा, साखर आणि पामतेल. त्याच पैशांत शेंगदाणे-गुळाचे किती लाडू होतील, ते आपल्या बाजारभावाने मांडून बघा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक रिकामा पुडा आणा. मागची बारीक अक्षरे आपण मिळून वाचू.