काळी, पांढरी आणि घराचा पाया : महागाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वास्तूंच्या इतिहासात वाडे, किल्ले व मंदिरे यांना मानाचे स्थान मिळाले आहे. त्या तुलनेत शेतकरी वा शेतमजूर कुटुंबाने स्वतःच्या श्रमाने उभारलेल्या घराची, आणि त्यातही जमिनीखाली दडलेल्या पायाची, दखल क्वचितच घेतली जाते. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव परिसराच्या संदर्भात या पायाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

काळी आणि पांढरी :
मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. पिकाची ती काळी व वस्तीची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही विभागणी आढळते. पांढरीची माती पिढ्यान्पिढ्यांच्या वस्तीने, पडक्या भिंतींच्या मातीने व राखेने बनलेली आणि दबून घट्ट झालेली असे. काळी जमीन मात्र कापसाची होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली व काळीचे मोल वाढले. अशा जमिनीवर घर बांधणे शेतकऱ्यास परवडणारे नव्हते. म्हणजेच घराची जागा निवडतानाच पायाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटत असे.

जुन्या घराची रचनाही या मातीशी जुळवून घेणारी होती. छताचा भार लाकडी खांबांवर असे व मातीच्या भिंतींना पडलेल्या भेगा दरवर्षी लिंपून बुजविल्या जात.

वस्तीचा विस्तार व नवी समस्या :
लोकसंख्या वाढली तशी पांढरी अपुरी पडली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. गावठाणाबाहेर सरकलेली घरे स्वाभाविकच काळीवर आली. त्याच सुमारास विटा व सिमेंट यांचा वापर रूढ झाला. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीतील मोंटमोरिलोनाईट हे खनिज पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. घराच्या कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते. परिणामी पाया असमान उचलला जातो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून भिंतीत तिरक्या भेगा पडतात. सिमेंटची भिंत मातीच्या भिंतीप्रमाणे लिंपून सावरता येत नाही.

यावर अनुभवी गवंड्यांचा उपाय असा की, मुरूम लागेपर्यंत खोदावे, उपसलेली काळी माती जोत्यात पुन्हा भरू नये, मुरमाचे थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावेत आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. मुरूम फार खोल असल्यास रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडररीम्ड पाईल, म्हणजे तळाशी कंदासारखे फुगीर असे काँक्रीटचे खांब, उपयोगी पडतात. ते साधारणतः साडेतीन मीटर खोल नेले जातात, कारण त्याखाली ओलाव्यात फारसा बदल होत नाही.

शासकीय योजना आणि पाया :
१९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत व तिच्या जागी २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये लाभार्थ्याने स्वतःच घर बांधावे, ठेकेदार नसावा, हे तत्त्व राहिले. २०१६ साली सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये साहाय्य व किमान २५ चौरस मीटर क्षेत्रफळ निश्चित झाले. हे साहाय्य मुरमाड माळावर आणि खोल काळ्या रानात सारखेच होते. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळत असल्याने जोते पुरे होईपर्यंतचा जादा खर्च कुटुंबाच्या मजुरीतून वा कर्जातून भागवावा लागतो. तो टाळण्यासाठी पाया उथळ ठेवल्यास त्याची किंमत काही पावसाळ्यांनंतर भिंती चुकवितात.

निष्कर्ष :
पांढरीची व्यवस्था जातींच्या उतरंडीवर उभी होती, म्हणून तिचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. परंतु माती पाहून जागा ठरविण्याचे तिच्यातील शहाणपण विस्मृतीत गेले, हेही तितकेच खरे. ज्या मातीने या परिसरास कापूस दिला, तीच मातीच्या स्वभावाकडे दुर्लक्ष करणाऱ्या घरास तडे देते. त्यामुळे घरकुलाच्या साहाय्यात जमिनीच्या प्रकारानुसार पायासाठी स्वतंत्र तरतूद असणे आवश्यक ठरते.